फोटोमागचं वर्णन

थोरली वेबसाइट बनवायची आणि धाकटा त्या ऐकायचा. दोघं सख्खी भावंडं. एकाच खोलीत, एकाच लांब टेबलाशी बसून काम करायची. धाकट्याची नजर शाळेत असतानाच गेली होती. संगणक त्याला सपाट आवाजात पान वाचून दाखवायचा, तोही इतका भरभर, की दुसऱ्या कुणाला ओ की ठो कळू नये.

पान तयार झालं की थोरली माउस खणात टाकायची, स्क्रीन बंद करायची आणि कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवायची. एकेक कळ दाबत तो पान शेवटपर्यंत ऐकायचा. कुठे अडला नाही, तर बोटाच्या पेराने टेबलावर एकदा टक करायचा. ती टक झाल्याशिवाय थोरलीने कधी पान गिऱ्हाइकाच्या हवाली केलं नाही. गिऱ्हाईक फोनवर डोकं खात असलं तरी नाही.

बसून करायचं काम, पण मान मोडायची. त्यात धाकटा काही खपवून घ्यायचा नाही. एकदा तिने एकाच पानावर पाच ठिकाणी ‘इथे क्लिक करा’ लिहिलं होतं. तो म्हणाला, पाच दारं आणि पाचांवर ‘आत या’, मी शिरू कुणाच्या घरात? ‘लाल रकाने भरा’ असं लिहिलं, तेव्हा लाल रंगाला वास येतो का, असं त्याने अगदी गंभीरपणे विचारलं. तिने सगळं पुन्हा नव्याने केलं. अर्धवट काम तिलाही बघवायचं नाही.

सगळ्यात जास्त वाद व्हायचा फोटोंवरून. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी प्रत्येक फोटोमागे एक वाक्य लिहून ठेवावं लागतं, आवाज ते वाचतो. एका खुर्चीच्या फोटोमागे तिने ‘सुंदर खुर्ची’ लिहिलं.

“सुंदर म्हणजे? बसल्यावर मोडत नाही ती?” धाकटा म्हणाला. “दिसतं तेवढं सांग, ताई. आवडली की नाही ते ज्याचं तो बघेल.”

चित्र नुसतं शोभेचं असलं, कोपऱ्यातली वेलबुट्टी वगैरे, तर वर्णन मुद्दाम रिकामं ठेवायचं. मग आवाज तिथे थांबत नाही. तिथे काही नव्हतंच, असा पुढे निघून जातो. हे थोरलीला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं.

धाकटा गेला. तापाचं निमित्त झालं आणि होत्याचं नव्हतं झालं.

त्याचे मित्र गावोगावी पांगलेले, बहुतेक त्याच्यासारखेच न दिसणारे. कुणाला शेवटचं भेटता आलं नव्हतं. म्हणून थोरलीने त्याच्यासाठी एक पान करायला घेतलं. त्याच्या माणसांना तो तिथे भेटावा, एवढंच तिला हवं होतं. मित्रांनी आपल्या आवाजात आठवणी पाठवल्या. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तिने प्रत्येक आठवण शब्दन् शब्द उतरवून काढली. मथळे ओळीने लावले. सगळं पान नुसत्या कीबोर्डवर चालेल असं केलं. अक्षरं फिकी नाहीत ना, हे नेहमीप्रमाणे बाबांना दाखवलं. बाबांनी वरचा फोटो पाहिला, चष्मा काढून पुसला आणि अक्षरं दिसतात, एवढंच बोलले.

त्या फोटोमागचं वर्णन तेवढं राहिलं होतं. तिने ‘माझा भाऊ’ लिहिलं आणि खोडलं. त्याहून जास्त लिहायचं तर फोटोकडे बघावं लागणार होतं. मग बघू, म्हणून तिने जागा रिकामी ठेवली आणि पान तसंच सगळ्यांना पाठवलं. न ऐकता पाठवलेलं ते तिचं पहिलं पान. टक करायला कोण होतं?

दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या जिवलग मित्राचा फोन आला. तो एका दवाखान्यात टेलिफोन सांभाळायचा. त्यालाही दिसत नव्हतं. पान छान झालंय, कुठे अडखळलो नाही, असं म्हणून तो थोडा घुटमळला.

“ताई, एक विचारू? त्याचा फोटो नाही ठेवलास?”

“ठेवलाय की. सगळ्यात वरच आहे.”

“असं होय. आवाज काही बोलला नाही गं. मथळा झाला की एकदम आठवणीच सुरू.”

थोरलीने फोन खाली ठेवला. आपल्याच हाताने तिने त्याला वेलबुट्टीत जमा केलं होतं. त्याची माणसं दारापर्यंत आली आणि तो नाहीच असं समजून पुढे गेली.

तिने फोटो मोठा केला आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. फोटो तिनेच काढलेला. इकडे बघ, इकडे, असं ती त्याला म्हणत होती आणि मोबाइल मात्र तिने हात लांब करून बाजूला धरला होता. हे ती विसरूनही गेली होती.

दिसतं तेवढं सांग, ताई.

तिने लिहिलं: ‘एक तरुण टेबलाशी बसून हसतो आहे. शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात आहे. हेडफोन एका कानावर, दुसरा कान मोकळा. त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे नाही. फोटो काढणारी बोलते आहे, तिच्याकडे आहे.’

शेवटचं वाक्य फोटोत दिसत नव्हतं. धाकट्याने ते काढायला लावलं असतं. तिने ते तिथेच ठेवलं आणि मित्राला पुन्हा ऐकायला सांगितलं. ऐकून झाल्यावर त्याने फोन केला.

“लांब झालंय का रे?” तिने विचारलं.

“झालंय,” तो म्हणाला. “एक शब्द काढू नकोस.”

मग तिने माउस खणात टाकला, स्क्रीन बंद केली आणि कीबोर्ड ओढून स्वतः ऐकायला बसली. खुर्चीचं वर्णन वाचणाऱ्या त्याच सपाट आवाजात तो आला, हसला, तिच्याकडे वळला आणि आवाज पुढच्या मथळ्यावर गेला. पान शेवटपर्यंत कुठेही अडलं नाही.

तिचं बोट टेबलावर आलं. वाजवायचं म्हणून आलं आणि तिथेच राहिलं. पान पास करायचा हक्क तिचा नव्हता.

पुढे तिने पुष्कळ पानं केली. दवाखान्यातला मित्र ऐकतो आणि ठीक आहे म्हणतो, तेव्हा ती गिऱ्हाइकाला जातात. ते एक पान मात्र लोक रोज ऐकतात आणि ते अजून पास झालेलं नाही.