उलट्या पिळाचा दोर

एवारिस्तोच्या उजव्या हाताला अंगठा नाही. हालिस्को प्रांतातल्या त्या पठारावर याचं कुणाला नवल वाटत नाही. घोड्यावर बसून दोर फेकणाऱ्यांत कुणाचा ना कुणाचा अंगठा उणा असतोच. पण बाकीच्यांचे अंगठे उतावळेपणापायी गेले, ह्याचा गेला टोपीपायी.

रिंगणात बिथरलेली घोडी चौखूर उधळत येते. तिच्या मागच्या पायांत फास टाकायचा, दोराचे वेढे खोगिराच्या लाकडी खुंटाला मारायचे आणि दोर सरकू देत देत तिला थांबवायचं. खुंटातनं धूर निघतो. अंगठा तेवढा वर ठेवायचा, हे पोरांना नीट चालता येण्याआधीच शिकवतात. पण टोपी पडली तर गुण कापले जातात आणि गाव वर्षभर चिडवतं. त्या दिवशी फास बसला, वेढे पडले, अन् वाऱ्यानं टोपी उचलली. एवारिस्तोचा डावा हात लगाम सोडून टोपीकडं गेला, पाठोपाठ नजरही गेली. अंगठा वेढ्याखाली सापडला. त्याची कापुलिना घोडी आपणहून दोन पावलं पुढं सरकली, दोर सैल झाला, म्हणून पंजा तरी वाचला. टोपी मात्र डोक्यावरच राहिली.

जखम भरल्यावर त्यानं डाव्या हातानं फेकायला घेतलं. फास हवेत गेला की वेटोळं व्हायचं आणि मेलेल्या सापागत खाली पडायचं. पथकाचा म्होरक्या फिदेन्सियो त्याचा जुना दोस्त, एवारिस्तोच्या लेकीचा धर्मबाप. शेवटी तोही म्हणाला, "गड्या, जत्रंच्या खेळापतुर वाट बघतो. न्हाई जमलं, तर तुझी जागा माझ्या पुतण्याला. तू फाटक उघडायला थांब."

"फाटक उघडायला तुझा सासरा हाय की!"

एवारिस्तो बोलला खरा, पण त्या दिवसापासून तो उजाडल्यापासनं अंधार पडेस्तोवर कुंपणात दोर फेकत राहिला.

त्याची बायको ओतिलिया दोर वळणाऱ्याची लेक. घायपाताचा वाख तिच्या हातात लहानपणापासनं. एकदा भाकरी घेऊन आली ती कुंपणाशी उभी राहून बघतच राहिली.

"हात बराबर हाय तुमचा," ती म्हणाली. "दोर उजव्या हातासाठी वळलाय. डाव्यानं गरगरा फिरवला की पीळ बिघडतो, अन् मग रुसून बसतो."

"मग आता?"

"मग काय? उलटा वळायचा."

"असा कुणी वळलाय का आपल्यात?"

"टोपीसाठी अंगठा दिलाय का कुणी आपल्यात?"

जन्मभर एकाच बाजूला वळणारे हात; ते सारखे जुन्या वळणावर जायचे. अर्धा झालेला दोर तिनं शिव्या घालत उकलला आणि पुन्हा धरला. तळवे सोलवटले. दुसरं टोक धरून एवारिस्तो अंगणभर उलटा उलटा चालायचा. चुलीवरचा घेवडा रोज करपायचा. तो मुकाट खायचा.

जत्रेच्या खेळात त्याची शेवटची फेक उरली. फास डोक्यावर फिरला, उघडला आणि उघडाच राहिला. पळत्या घोडीचे दोन्ही पाय बरोबर आत. वेढे पडले, धूर निघाला, अन् नेमकी टोपी हलली. डावा हात दोरावर, उजवा लगामावर. उजव्या हाताची चार बोटं शिवशिवली. एवारिस्तोनं नजर डाव्या अंगठ्यावरनं काढली नाही. टोपी धुळीत पडली, कापुलिनानंच तुडवली. समोरची घोडी मंदावली, थांबली.

"टोपीचे गुण गेले की रं, भाड्या!" फिदेन्सियो ओरडला.

"जाऊ दे. टोपी बाजारात मिळती."

"बरं. पुतण्याला फाटकावर धाडतो."

देवानं ऐकलं की तिकडं पत्र्यावर चित्र काढून देवळात टांगतात. एवारिस्तोनं गावच्या चिताऱ्याकडनं काढून घेतलं: ढगात देवाची माउली, खाली धूर, धुळीत टोपी, आणि कोपऱ्यात दोर वळणारी बाई. खाली लिहिलं, 'कापुलिनाच्या दोन पावलांबद्दल आणि ओतिलियाच्या उलट्या पिळाबद्दल आभारी आहे.'

ओतिलिया कितीतरी वेळ पत्र्याला नाक लावून उभी होती. मग शालीच्या पदरानं डोळे टिपून म्हणाली, "पीळ सुलटाच काढलाय मेल्यानं."

एवारिस्तो तसाच वळला आणि चिताऱ्याला बोलवायला गेला.