घमेल्यातलं हिरवं पाणी

गाडीत पाणी टाकावं की कूलंट, असं आजही कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. मी म्हणतो, टाकायचं ते टाका, पण काढलेलं कुठं ठेवता ते आधी सांगा. समोरच्याला वाटतं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. झालाच आहे. हे लिहायला बसलो तर दोनदा उठून उगाच अंगणात जाऊन आलो.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही नागपूरला लकडगंजात राहत होतो. मागे आरामशिनी, दिवसभर लाकूड कापल्याचा आवाज. मी सरकारी कचेरीत कारकून, आणि हौसेनं तिसऱ्या हातची गाडी घेऊन बसलेलो. उन्हाळा आला की ती तापायची. कळमन्याकडे जाताना रेल्वेचं फाटक लागलं आणि मालगाडी जाईपर्यंत थांबावं लागलं, की बोनेटखालून वाफ निघालीच. मग डिक्कीतली पाण्याची कॅन काढा, हाताला फडकं गुंडाळा आणि मागच्यांचे हॉर्न ऐका. आमच्या विहिरीचं पाणी इतकं जड की त्यात डाळ शिजायची नाही, आणि तेच पाणी मी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतत होतो. आतल्या नळ्या क्षारानं अर्ध्या बुजल्या होत्या.

बायकोचा भाऊ फौजेत होता, बर्फाच्या मुलुखात. सुट्टीवर येताना त्यानं तिकडच्या बाजारातून कूलंटचे दोन डबे आणले. हिरवंगार पाणी. अर्धं हे आणि अर्धं साधं पाणी टाका भाऊजी, म्हणाला, थंडीत गोठत नाही आणि उन्हात लवकर उकळत नाही. गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री हसला. नागपूरले बर्फ पडते काय साहेब, म्हणाला. बाबांनी तर हातच झटकले. पाण्यानं तुझं काय घोडं मारलं, नळ्या साफ करून घे, नळाचं पाणी टाक, झालं. यावरून आमची चांगली जुंपली. मी इंग्रजी पुस्तकं वाचणारा माणूस, मला मिस्त्री आणि रेल्वेतून रिटायर झालेला बाप शिकवणार? मी नळ्या साफ करून घेतल्या आणि कूलंटच टाकलं. गाडी तापायची थांबली. ते मी बाबांना उठता-बसता ऐकवायचो. इतका शहाणा मी.

आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. तिच्यामागे उरला तो तिचा कुत्रा. तांबूस, एक कान पडलेला. आरामशिनीच्या भुशात पडलेलं पिल्लू तिनं पदरात घालून आणलं होतं. ती गेल्यावर बाबा घरात बोलेनासे झाले. माझ्याशी कामापुरतं, सुनेशी तेवढंही नाही. कुत्र्याशी मात्र बोलायचे. त्याचं नाव कधी घेतलं नाही, नुसतं "काय गा". काय गा, आज भाजी आळणी झाली ना? काय गा, झोप नाही लागली मलेबी. खाटेवर बसून तासन्‌तास हे चालायचं. त्या जनावराच्या आधारानं बाबा जगत होते, आणि हे मला तेव्हाही कळत होतं. तेव्हा कळलं नव्हतं, असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

मे महिन्यातला रविवार होता. रेडिएटरमधलं पाणी गंजकट दिसायला लागलं होतं, आणि मेव्हण्यानं पत्रात बजावलं होतं की रंग गेला की बदलून टाका. सकाळी गाडी गार असतानाच मी खाली शिरलो. तोटी उघडायची तर पाणी धरायला काहीतरी हवं. बादली गाडीखाली जाईना. बसकं असं एकच भांडं अंगणात होतं, कुत्र्याचं पाण्याचं घमेलं. त्यातलं पाणी मी तुळशीत ओतलं आणि घमेलं खाली सरकवलं. भरल्यावर ओढून भिंतीच्या सावलीत ठेवलं आणि दुसऱ्या डब्यातलं कूलंट भरायला लागलो. ते जुनं मी फेकणारच होतो. म्हटलं, हातातलं आधी संपवू.

मागून लपलप आवाज आला. मी वळून पाहिलं. कुत्रा त्याच्या घमेल्यातलं पीत होता. नऊलाच ऊन चटके देत होतं. मी पाहिलं आणि म्हटलं, पिऊ दे, तहान लागली असेल. हाकललंसुद्धा नाही. ते गोड लागतं, हे मला नंतर कळलं. त्यानं बरंच संपवलं.

अकराच्या सुमारास तो झोकांड्या खायला लागला. पुढचे पाय एकीकडे, मागचे एकीकडे. शेजारी हसले, म्हणे याला कोणी पाजली. बाबा म्हणाले, ऊन लागलं. त्यांनी त्याच्या अंगावर ओला पंचा टाकला, कांदा किसून त्याच्या पायांना चोळला, काय होऊन राहिलं गा तुले, म्हणून त्याला विचारत राहिले. मला घमेलं आठवलं. मी जिन्याखाली जाऊन रिकामा डबा उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की हे विष आहे, पोटात गेल्यास ताबडतोब डॉक्टरकडे न्या. सहा महिने तो डबा घरात होता आणि मी ती ओळ वाचली नव्हती.

मी डबा पोत्याखाली ढकलला, बाहेर आलो आणि म्हणालो, हो बाबा, ऊनच लागलं.

काहून? मीच मला हजारदा विचारलं आहे, काहून बोललो नाही? बाबांनी ऐकवलं असतं की तुले म्हटलं होतं, पाणी टाक. बस्स, एवढंच. त्या एका बोलण्याची मला लाज वाटली, आणि ती वाचवायला मी तोंड शिवून बसलो. दवाखाना होता, गाडी होती, गाडीत नवंकोरं कूलंट होतं.

संध्याकाळी कुत्रा उठला. सरळ चालला, वाटीभर दूध प्यायला, शेपटी हलवली. बाबा पोटभर जेवले. मी देवाला नारळ कबूल केला आणि मनात म्हटलं, सुटलो. हरामखोर विष ते, मध्येच सोडल्यासारखं करतं.

सोमवारी सकाळी तो उठेना. ओकारीतून नुसता फेस पडत होता आणि लघवी बंद झाली होती. बाबांनी त्याला आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसले. जनावरांचा दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. डांबर वितळत होतं, चौकाचौकात थांबावं लागत होतं, आणि गाडी एकदाही तापली नाही. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. त्या काट्याकडे पाहून मला वाटत होतं, उकळ, फूट, पेटून जा एकदाची. मागून बाबा त्याला सांगत होते, आलंच गा, आलंच आता.

डॉक्टर तरुण होता. पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले, काय खाल्लं म्हणून विचारलं. ऊन लागलं, बाबा म्हणाले. डॉक्टरनं नाही म्हणून मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. मग मी सांगितलं. गाडीतून काढलेलं कूलंट, काल सकाळी, मी त्याला पिताना पाहिलं, नंतर डबाही वाचला. बोलताना मी टेबलाकडे पाहत होतो.

डॉक्टरनं कुत्र्याची पापणी पुन्हा ओढून पाहिली. मग म्हणाला, किडन्या गेल्या आहेत. या विषावर उतारा म्हणून दारू चालते, मोजून, नळीनं, पहिल्या काही तासांत. काल दुपारी आणला असता तर काहीतरी करता आलं असतं. आता उपयोग नाही.

बाबा उठले आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं, रडायला गेले.

त्यांच्या थोरल्या भावाला दारूनं खाल्लं होतं. तेव्हापासून बाबा देशीच्या दुकानासमोरून जायचे नाहीत, रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. लग्नात कोणी पिऊन पंगतीला बसला तर भरल्या ताटावरून उठायचे. गळ्यात तुळशीची माळ. ते पंधरा-वीस मिनिटांनी परत आले तेव्हा हातात देशीची बाटली होती. कागदात गुंडाळलेली नाही, पिशवीत नाही. भर रस्त्यानं, लोकांच्या देखत तशीच आणलेली. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि त्या पोरसवदा डॉक्टरपुढे हात जोडले.

"पाजून पाहा ना साहेब."

डॉक्टरनं पुन्हा समजावलं. बाबा हात सोडेनात. शेवटी त्यानं बाटली उघडली, थोडी दारू पाण्यात मिसळून नळीनं दिली, सलाईन लावलं. कुत्र्यासाठी नाही, बाबांसाठी केलं त्यानं ते. बाबा फरशीवर बसून कुत्र्याचं डोकं धरून होते, दारूचा वास त्यांच्या हातांना, धोतराला लागलेला. दुपारी तीनला तो गेला.

आरामशिनीच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही त्याला पुरलं. खड्डा मी खणला. माती लोटून झाली तरी बाबा तिथंच उभे होते. मी म्हटलं, बाबा, चुकलं माझं. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"काल सांगतलं असतं, तर मी कालच गेलो असतो ना गा दुकानात."