खुनी कोण ते सांगून जा

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या एका रहस्यकादंबरीच्या ऐन मध्यात होत्या. नवा चष्मा मिळेपर्यंत डोळ्यांना ताण द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी पेज आणि मेतकूट घेऊन गेले, तर वहिनी काळा चष्मा लावून झोपाळ्यावर बसल्या होत्या.

"पेज ठेव तिकडे," त्या म्हणाल्या, "आणि आधी मला खुनी कोण ते सांगून जा."

आमची घरं एकाच आवारात, मध्ये फक्त चिऱ्यांचा गडगा. भांडण कधीच नव्हतं, पण थोरले दीर गेल्यापासून जाणंयेणं सणावारापुरतंच उरलं होतं. काय बोलावं ते मला सुचत नसे, त्यांनाही सुचत नसावं. शिवाय मी मराठी शिकवण्यात जन्म घालवलेली. वाचनालयातून त्या आणत असलेल्या पुस्तकांची रक्ताळलेली मुखपृष्ठं पाहिली की मी मनातल्या मनात नाक मुरडायची.

शेवटचं पान वाचून निघावं म्हणून मी पुस्तक उघडलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "तसं नाही चालायचं. खूण आहे तिथून वाच."

वाचलं. एका सोसायटीच्या सेक्रेटरीवर विषप्रयोग झालेला आणि मजल्यामजल्यावर संशयित. खरं सांगते, मला उठवेना. घरी भात लावायचा राहिला. आणि शेवटी खुनी कोण, तर सेक्रेटरीचा जुळा भाऊ. हा गृहस्थ शेवटच्या प्रकरणात कॅनडाहून उगवतो!

"ही शुद्ध लबाडी आहे," मी म्हणाले.

"तर काय! जुळा भाऊ आणायचा होता, तर निदान आधी कुठे पाळण्यात तरी दाखवायचा."

आम्ही दोघी इतक्या हसलो की त्यांना डोळ्याची काळजी वाटून गप्प बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन गेले. त्या दिवशी भयकथा होती, आणि ती अर्थातच कोकणातली. लेखक इकडे कधी फिरकला नसावा. त्याच्या गावात भेटेल तो म्हातारा "तिकडे जाऊ नका" एवढंच बोलतो.

"अगो, ही माणसं आठवडाभर कोकणात आहेत," वहिनी वैतागल्या, "आणि एकालाही मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन मासे आणावेसे वाटू नयेत? भुताला भितील नाहीतर काय, पोटात अन्न नाही!"

पण एक प्रकरण त्या लेखकाने फार चांगलं लिहिलं होतं. भर दुपारी, कोणी नसताना, विहिरीवरचा रहाट सावकाश फिरायला लागतो. बाकी काही घडत नाही. वाचताना माझा आवाज आपोआप खाली गेला. वहिनी म्हणाल्या, "मागचं दार लावून ये गो." बाहेर लख्ख ऊन होतं, तरी मी मुकाट्याने लावून आले.

मग प्रेमकथा आली. मी टाळाटाळ केली, मग वाचताना दोन पानं हळूच उलटली.

"पान सोडलंस."

"नाही हो."

"आत्ता ती चिडून दाराकडे निघाली होती. आता त्याला चहा देत्ये. मधे काय झालं?"

"समेट झाला."

"मग तो समेट वाच."

मी तो शाळेतलं परिपत्रक वाचावं तसा वाचला. त्या कादंबरीचा नायक हिमालयात पूल बांधतो म्हणे, पण पुस्तकभर नुसता पत्नीच्या डोळ्यांत बुडत असतो. मला ते डोळे नकोसे झाले होते. आणि मग एक प्रसंग आला. तो बऱ्याच महिन्यांनी घरी येतो आणि पलंगाच्या कडेवर परक्यासारखा टेकतो. एवढंच. मी पान उलटलं तर वहिनी म्हणाल्या, "थांब जरा."

मी थांबले.

"आमचं असंच व्हायचं. हे जहाजावरून आले की टॉवेल कुठे ठेवू म्हणून विचारायचे. स्वतःच्या घरात! जरा ओळख व्हायला लागली की परत जायची वेळ. कायमचे आले तेव्हा म्हटलं, आता पुरी ओळख होईल." त्यांनी काळा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "झाली थोडी. हं, वाच पुढे."

इतकी वर्षं शेजारी राहून मला हे ठाऊक नव्हतं. मी वाचत राहिले, आणि त्या नायकाबद्दल वाकडं बोलायचं त्या दिवशी सोडून दिलं.

यथावकाश त्यांना नवा चष्मा मिळाला. आता माझी गरज संपली, असं मनात म्हणत मी गेले, तर त्यांनी तेच अर्धं राहिलेलं प्रेमकथेचं पुस्तक पुढे केलं. मी सुरू केलं. नायिका घरातून निघते तोच वहिनी पुटपुटल्या, "पोचायची नाही. गाडी चुकणार हिची."

पुढच्याच पानावर गाडी चुकली.

"वहिनी! तुम्ही पुढे वाचलंत!"

"काल संपवलं."

"मग मला कशाला वाचायला लावताय?"

"एकटीने वाचलं की नुसतं संपतं," त्या म्हणाल्या. "भांडायला कोण असतं?"

परवा आम्ही दोघी रिक्षाने वाचनालयात गेलो. मी पहिल्यांदाच माझ्या नावावर एक विज्ञानकथा घेतली, समुद्राच्या तळाशी वस्ती करणाऱ्या माणसांची. अर्धी झाली आहे. मला आवडते आहे. वहिनींचं मत आहे की त्यातला कप्तान भाषणं फार ठोकतो, आणि त्या वस्तीत बायका नुसत्या यंत्रांपुढे बसून असतात, स्वयंपाक कोण करतं ते लेखक सांगतच नाही.