दाराबाहेर ठेवलेली काठी

मलकापूरच्या बाजारात मेथीच्या जुड्या मांडत होतो तेव्हा हबीबच्या घरून फोन आला. हमीदाभाभी एवढंच बोलल्या, "भाऊ, तुमचे दोस्त गेले…" मेथी तशीच टाकून निघालो. त्याला दीड महिना झाला. माझं शिक्षण चौथीपर्यंत, लिहायची सवय नाही. पण ही गोष्ट माझ्यानं कोणापाशी बोलवत नाही, म्हणून लिहितो.

हबीब गादी कारागीर. माझ्या तिन्ही पोरींच्या लग्नातल्या गाद्या त्याच्याच हातच्या. पन्नाशीनंतर सांधेवातानं त्याला धरलं. आधी बोटं वाकडी झाली, मग गुडघे गेले. तरी दुकानात बसायचा, अन् गिऱ्हाईक आलं की हात गादीखाली लपवायचा. मी म्हणायचो, "काऊन लपवून राह्यला बे, चोरी केली का?" तो हसायचा. "वाकडे हात पाहून सरळ टाके घालायले कोण देईन?"

बासष्टाव्या वर्षी सुई धरवेना, दुकान बंद झालं. म्हातारपणाच्या पगाराला पासष्ट लागतात. मधली तीन वर्षं खायचं काय? कोणी सांगितलं, अपंगाचा दाखला काढा, चाळीस टक्के लिहून आले की महिन्याचा पगार मिळतो. कागद जमवत आम्ही दोघंच फिरलो. तपासणीला बुलढाण्याला जायच्या दिवशी तो मळक्या पायजम्यात, काठी टेकत आला. मी चिडलो. "भीक मागायले चालला का? डॉक्टरसमोर माणसासारखा जाय." त्याला परत पाठवून इस्त्रीचा कुर्ता घालायला लावला. दवाखान्यात खोलीच्या दारात त्याच्या हातातली काठीही मीच घेतली. मोठ्या माणसाच्या दारात आम्ही चपलेसारखी काठीही बाहेर ठेवतो. ती भिंतीला टेकवली अन् आत गेलो.

डॉक्टर म्हणाले, त्या कपाटापर्यंत चालून दाखवा. हबीबनं एकदा माझ्याकडं पाहिलं… अन् मान ताठ ठेवून चालला. मूठ वळा म्हणाले, त्यानं वळली. कपाळावर घाम आला, पण तोंडातून आवाज नाही.

"दुखतं का?"

"चालते, साहेब."

मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

दाखल्यावर पस्तीस टक्के आले. परतीच्या एसटीत तो मला एक शब्द उलटा बोलला नाही. मलकापूर आल्यावर म्हणाला, "पण चाललो ना झकास?"

फेरतपासणीचा अर्ज केला. तारीख यायला सात महिने गेले, तोवर तो खाटेवरून उठेना. जरा हलवलं तरी ओरडायचा, तोच हबीब. मी एकटाच कागद घेऊन गेलो. खिडकीवरच्या बाईला म्हटलं, "उठता येत नाही, म्हणूनच तर दाखला पाहिजे." ती बाई भली होती. म्हणाली, "बाबा, माणूस समोर लागतो. मी तरी काय करू?" मी पुष्कळ भांडलो. जन्मभर भांडून कामं केली माझी, पण तिथं भांडायला समोर कोणी वाईट माणूसच नव्हता.

त्याच्या घरी येऊन खोटंच सांगितलं, पुढची तारीख दिली. त्याला कळलं असेल. डोळे मिटूनच बोलला, "या बारीले काठी आत नेजो."

ती तारीख आलीच नाही.

भाभींना भाजी द्यायला अजून जातो. काठी दाराबाहेर, तो ठेवायचा तिथंच उभी असते. परवा मी ती उचलून आत नेली, खाटेला टेकवून ठेवली. भाभी पाहत होत्या.