शेगडीपुढचा पाट

सुताराने नव्या ओट्याची रेघ खडूने फरशीवर मारली. भिंतीपासून निघून खोलीत शिरणारा ओटा. एका बाजूला शेगडी, समोर आम्हाला बसायला उंच खुर्च्या. तव्यावरची पोळी थेट ताटात! खुर्ची आरामशीर हवी म्हणून दुकानात मी अर्धा तास पाठ टेकवून पाहिली होती.

"वहिनी, शेगडीपुढं उभ्या राहा. उंचीचं माप घेतो," सुतार म्हणाला.

बायको आली. कोपऱ्यातला पाट तिनं पायानं ओढला, त्यावर चढली आणि मगच हात पुढे केला.

तो पाट! "हा मधेमधे कशाला?" म्हणत मी बावीस वर्षं बाजूला सारलेला. जुना ओटा मीच बांधून घेतला होता, माझ्या कमरेच्या मापानं. आणि त्याच्यापुढे उभा राहिलो तो फार तर चहापुरता. घरातली जी वस्तू मला रोज अडचण वाटली, तिच्यावर उभं राहून कुणीतरी मला जेवू घालत होतं.

सुतार हसला. "पाट कशाला, वहिनी? आता ओटा तुमच्या मापाचाच करू."

ती लगेच उतरली नाही. आधी माझ्याकडे वळून म्हणाली, "चालेल ना हो?"