बसून गवत कापायची गाडी

आमच्या घरात गवत कापायची गाडी आहे, आणि तिच्यावर मी आजवर एकदाही बसलेलो नाही.

मी कागलच्या एमआयडीसीत सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे कामगारांच्या डोक्यावर हेल्मेट आहे का बघायचं आणि सुरक्षा सप्ताहात तासभर भाषण द्यायचं. (भाषणात लोक झोपतात. अख्ख्या कंपनीत तेवढी सुरक्षित झोप दुसरी नाही.) कंपनीनं बागेसाठी नवी गाडी घेतली, तेव्हा जुनी मी हौसेनं घरी आणली. दिसायला छोटा ट्रॅक्टर. पोटाखाली पाती. आपण वर ऐटीत बसायचं आणि फिरत राहायचं.

नेमका त्याच वेळी माझ्या मुलीचा, केतकीचा साखरपुडा ठरला. तिला हॉल हवा होता. मी म्हणालो, "हॉल कशाला? शेजारी आपला एवढा प्लॉट पडलाय. हिरवळीवर मांडव घालू. गाडी हाय की आता."

"पप्पा, ती हिरवळ न्हाई, रान हाय," केतकी म्हणाली. "त्यात म्हैस शिरली तर शोधायला माणसं लावायला लागतील."

"आदल्या दिवशी कापून गालिचा करतो. शब्द दिला."

शब्द दिला आणि राधानगरीहून आक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. "दुसऱ्यानं वापरलेली गाडी हाय ती. मी येऊन पूजा करस्तवर हात लावायचा न्हाई." आमच्या घरात आक्काचा शब्द मोडायची पद्धत नाही. आक्का आली ती आदल्या दिवशी रात्रीच्या एसटीनं. त्यामुळे गवत तसंच राहिलं, आणि साखरपुड्याचा दिवस उजाडला.

सकाळी पूजा झाली. चाकाखाली लिंबू, समोर नारळ, स्टिअरिंगला झेंडूची माळ. शेवटी आक्कानं सीटवर नवा कोरा टॉवेल अंथरला आणि जाहीर केलं, "पहिलं बसायचा मान व्याह्यांचा. ते बसल्याबिगर कुणी बूड टेकायचं न्हाई."

व्याही म्हणजे आनंदराव, पेठ वडगावचे बागायतदार. साखरपुड्याच्या बासुंदीला आपल्याच म्हशींचं दूध घालायचं असा त्यांचा हट्ट होता, म्हणून ते दूध घेऊन अकराला येणारच होते. मी हिशोब केला. ते आले की मिनिटभर बसवायचं, फोटो काढायचा, मग मी बसून तासाभरात गवत साफ. मांडववाला बांबू टाकून तयारच होता. "साहेब, बारापर्यंत जागा द्या," तो म्हणाला. "न्हाईतर मी चाललो. दुपारी दुसरीकडं मांडव हाय."

"तोवर चालू करून गरम करून ठेवतो," मी म्हणालो.

मान मोडायला नको म्हणून गाडीच्या बाजूला उभा राहिलो, वाकून एका हातानं ब्रेक दाबला आणि दुसऱ्यानं किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. साधं खुट्ट नाही.

शेजारचे दिनकरराव कुंपणावरून बघत होते. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर आहेत आणि दुसऱ्याची गाडी बंद पडली की त्यांना तरतरी येते. ते आले आणि म्हणाले, "बॅटरी."

"दिवा लागतोय की."

"दिवा लागणारच. बॅटरी असतीच तशी."

माझ्या कारची बॅटरी काढून हिला लावली. काही नाही. मग पेट्रोल बदललं. मग प्लग काढून पुसला, फुंकला, परत लावला. मी दिनकररावांना सांगितलं, की बिघाड पद्धतशीर शोधायचा असतो, एकेक शक्यता बाद करत जायचं. (हे माझ्या भाषणात आहे.) दहापर्यंत सगळ्या शक्यता बाद झाल्या होत्या आणि माझी कारही बाद झाली होती, कारण तिच्या बॅटरीचा एक नट गवतात पडला होता.

"नजर लागलीया," आक्का म्हणाली. तिनं मीठ-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. गाडीवर काही परिणाम झाला नाही. मांडववाल्याची माणसं मात्र खोकत खोकत रस्त्यापर्यंत गेली.

"ढकलून बघू," दिनकरराव म्हणाले. हा त्यांचा हुकमी उपाय, एसटीपासूनचा. आम्ही पाचजण मागून ढकलायला लागलो. वर बसायची बंदी, त्यामुळे दिनकरराव बाजूनं पळत स्टिअरिंग धरत होते. वयोमानानं ते मागं पडले, गाडी पुढं गेली आणि बांबूच्या ढिगात शिरली. मांडववाल्यानं बांबूंकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि घड्याळाकडं बघितलं. आम्ही गाडी ओढून बाहेर काढली.

केतकी दारात येऊन उभी राहिली. दोन्ही हातांना मेंदी. "पप्पा, खरं सांगा. हुतंय का न्हाई? सासरची चाळीस माणसं यायची हाईत. त्यांस्नी काय गवतात उभं करायचं?" तिचे डोळे भरले होते. मी तिला हॉल नाकारला होता आणि हातात होती एक झेंडूची माळ घातलेली मुकी गाडी.

सुनंदा, म्हणजे आमची मिसेस, मागं उभी होती. ती एवढंच म्हणाली, "विळे आणू का?"

तेवढ्यात आनंदराव आले. पांढरीशुभ्र विजार, पांढरा सदरा, जीपमध्ये दुधाचे कॅन. आक्कानं त्यांना कुंकू लावलं, डोक्यावर फेटा चढवला आणि सीटकडं हात केला. आनंदराव ऐसपैस बसले. पाय ब्रेकवर ठेवला, फोटोला मिशीवरून हात फिरवला आणि सहज म्हणाले, "किल्ली हीच न्हवं?"

"तिचा काय उपयोग न्हाई, पावणं..."

गाडी चालू झाली. पहिल्या झटक्यात. आनंदरावांनी दचकून पाय उचलला आणि गाडी निघाली. ढकलताना आम्ही कुठले कुठले दांडे ओढले होते देव जाणे, गियर पडलेलाच होता. मी "सोडा, सोडा" म्हणत मागं पळालो.

"सोडू कशाला? जलमभर ट्रॅक्टर चालवतोय," आनंदराव ओरडले. त्यांनी पात्यांचा दांडा शोधला, तो ओढला आणि फेट्यासकट गवत कापायला सुरुवात केली.

मध्येच चहाला उतरले तर गाडी बंद. मी धावत जाऊन, बाजूला उभा राहून किल्ली फिरवली. काही नाही. ते बसले, चालू झाली. आक्कानं हात जोडले. "मानाची गाडी हाय बाबा. वळखती माणसाला."

आणि मला माझं स्वतःचं भाषण आठवलं. 'चालक जागेवर नसेल तर यंत्र चालू होता कामा नये. त्यासाठी सीटखाली स्विच असतो.' दरवर्षी सांगतो. चित्र दाखवून सांगतो.

मीही हात जोडले. आता बोलायचं म्हणजे आक्काची पूजा, व्याह्यांचा मान आणि माझी नोकरी, तिन्हींवर पाणी. बाराच्या आत प्लॉट साफ झाला, मांडव उभा राहिला. संध्याकाळी केतकी हिरवळीवर हसत उभी होती आणि हिरव्या डागांच्या विजारीत आनंदराव येईल त्याला सांगत होते, "हे सगळं मी कापलंय."

तेव्हापासून गवत वाढलं की आक्का परस्पर वडगावला फोन लावते. आनंदराव येतात, गवत कापतात, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतात आणि जातात. केतकीच्या लग्नानंतरही यात खंड नाही.

परवा जेवताना त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "पावणं, सीटखाली बटण हाय ते. मला पहिल्या दिवशीच कळलं."

माझा घास हातातच राहिला.

"आणि तुमी तर ह्या खात्यातलंच माणूस. तुमाला म्हाईत न्हाई असं कसं हुईल? पर माझा मान ऱ्हावा म्हणून सगळ्यांसमोर वेडं झालासा. एवढं कोण करतंय हो आजकाल?" त्यांचे डोळे पाणावले होते.

मी मान खाली घातली. "व्याह्यांसाठी एवढं करायलाच लागतंय," मी म्हणालो.

आत स्वयंपाकघरात सुनंदाला जोराचा ठसका लागला. तो बराच वेळ थांबला नाही.