गाऱ्हाण्यातलं माझं गुपित

माडीचं व्यसन सुटावं म्हणून आम्ही सहाजण दर गुरुवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात जमत असू. हा उद्योग एका पेन्शनर मास्तरांचा. एके काळी तेही पक्के पिणारे. मग त्यांनी वेदान्ताच्या पोथ्या वाचल्या, एका पाद्र्याशी वाद घातले आणि सगळ्याचा काढा करून आम्हांला पाजला. वेदान्तातलं एवढंच घेतलं, की पिणारा तो तू नव्हेस, तू नुसता बघणारा. पाद्र्याकडचं, की पाप एका माणसाला तरी बोलून दाखव. आणि आपल्या भजनातलं, की माझ्याच्यानं होत नाही, देवा, तूच सांभाळ. "बघणारा मी, सांभाळणारा तो, मग मडकं उचलतो कोण?" असं मी त्यांना चिडवायचो. मास्तर म्हणायचे, "आजचा दिवस उचलू नको. उद्याचं उद्या विचार."

माझी बायको मुलीला घेऊन गुहागरला माहेरी गेली होती. दिवाळीपर्यंत मी माडीला शिवलो नाही, तर सासरे तिला आणून सोडणार होते. मी शिवलो नाही.

एका गुरुवारी सगळे गेल्यावर मी मास्तरांना पाप सांगितलं. मुलीचे चांदीचे वाळे मीच विकून प्यायलो होतो आणि आळ घातला होता भांडी घासणाऱ्या बाईवर. बायकोनं तिला कामावरून काढलं. ती मग मिरकरवाड्यात मासळी सुकवायला जाऊ लागली. मास्तरांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला फार हलकं वाटलं.

दिवाळी झाली आणि सासरे खरंच दोघींना घेऊन आले. देवळात गाऱ्हाणं ठेवलं. गुरव तापानं पडलेला, म्हणून मास्तरच नारळ घेऊन देवापुढे उभे राहिले. गाऱ्हाण्याच्या दर वाक्याला सगळ्यांनी होकार द्यायचा, हे आमच्या जिभेला लहानपणापासूनचं वळण.

"बा देवा, ह्या लेकरानं माडी सोडली."

"व्हय म्हाराजा."

"त्याचा संसार पुन्हा मांडून दे."

"व्हय म्हाराजा."

"लेकीचे वाळे ह्यानंच विकले, आळ गरीब बाईवर घातला, तो अपराध पोटात घाल."

"व्हय म्हाराजा." सगळे म्हणाले. त्यांत माझाही आवाज होता.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि मुलीला कडेवर घेतलं. सासरे दोघींना घेऊन त्याच पावली परत फिरले.

मी मास्तरांना गाठलं. "विश्वासानं सांगितलं होतं तुम्हांला."

"तू आणि मी वेगळे कुठे? अद्वैतात गुपित कसलं?"

"मग तुमची पापं का नाही सांगितलीत गाऱ्हाण्यात?"

त्यांनी फोडलेल्या नारळाची कवड माझ्यापुढे धरली. त्यांनी मला दगा दिला होता, तोही देवासमोर, आणि वर वेदान्त सांगत होते. मी तडक माडीच्या दुकानाची वाट धरली.

वाटेत तीच बाई टोपली घेऊन येताना भेटली. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"मास्तर बोलले म्हणून माज्यावरचा आळ गेला," ती म्हणाली. "तुमी कदी सांगणार व्हतात?"

मी घरी परतलो. त्या दिवशी प्यायलो नाही, नंतरही नाही. मास्तरांना मी अजून माफ केलेलं नाही. तिलाही अजून उत्तर दिलेलं नाही.